दोष क्रमांक सात

बावन्न वर्षांचा, गुडघे कुरकुरणारा, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस संध्याकाळी कामावरून येतो, हातावरचं वंगण चिंधीने पुसतो आणि कॉम्प्युटरसमोर बसून ढाल-तलवार घेऊन राक्षसांवर धावून जातो, हे ऐकून कुणालाही हसू येईल. येऊ द्या. सुरुवातीला त्याचं त्यालाही यायचं. पण त्या तलवारीच्या टोकाला त्याची मुलगी बांधलेली होती, त्यामुळे पुढे पुढे हसू आटलं.

मुलगी अकरा वर्षांची असताना तो आणि तिची आई वेगळे झाले. भांडी फुटली नाहीत, कोर्टात कुणी कुणाला बोल लावले नाहीत. सगळं इतक्या शहाणपणाने झालं की पोरीला रडायलाही निमित्त मिळालं नाही. ती आईबरोबर दुसऱ्या शहरात गेली. याने आठवड्याला फोन करायचा असं ठरलं, आणि तिथेच गाडी अडली. ‘जेवलीस का?’ ‘हो. तू?’ ‘हो.’ ‘अभ्यास?’ ‘चालू आहे.’ मग दोघंही फोन कानाला लावून गप्प. चाळीस सेकंदांच्या पुढे फोन कधी गेला नाही. लिफ्ट अडकली तर हा माणूस अंधाऱ्या खड्ड्यात उतरून तासाभरात ती चालू करतो, पण स्वतःच्या मुलीशी एक्केचाळीसाव्या सेकंदाला काय बोलावं हे त्याला सुचत नव्हतं.

तोडगा तिनेच काढला. ‘राखेचे किल्ले’ नावाचा एक गेम होता, जगभरची माणसं एकाच वेळी त्यात शिरून लढायची. ‘बाबा, तू पण ये ना,’ ती म्हणाली. तिने तिथे ‘खारूताई’ नाव घेतलं आणि डोक्यावर तपकिरी टोपी चढवली. याचं नाव तिनेच ठेवलं, ‘लोखंड्या’. दर रविवारी चार ते सहा, कानाला हेडफोन लावून, दोघं बरोबर. आणि काय आश्चर्य, मागे राक्षस लागला की पोर घडाघडा बोलायची. आईला नोकरीत त्रास होतोय, मला चष्मा लागला, एक मैत्रीण बोलेनाशी झाली, बाबा डावीकडे बघ, डावीकडे! हा तलवार फिरवत ‘हं, मग?’ म्हणायचा. सहा वर्षं असंच चाललं. मुलगी वाढवली ती त्याने त्या दोन तासांत, असं म्हटलं तरी चालेल.

मग कंपनीने पाटी लावली. महिनाअखेर ‘राखेचे किल्ले’ बंद, त्याच्या जागी ‘धुक्याचा मुलूख’, नवा, भव्य, आणि काय काय. शेवटच्या रविवारी दोघं एका तटावर नुसतीच उभी होती. खारूताई म्हणाली, ‘नवीन खेळण्यासारखा आहे का, तू बघ आधी. तू सांगशील तसं.’

‘बघतो,’ लोखंड्या म्हणाला.

आता हे ‘बघतो’ तुम्ही-आम्ही म्हणतो तसलं नव्हतं. तो बघतो म्हणाला की बघतोच. बत्तीस वर्षांत त्याने एकही लिफ्ट स्वतः वरपासून खालपर्यंत तपासल्याशिवाय पास केलेली नाही. इमारतीचा मालक हात जोडून उभा असला, घरात म्हातारी माणसं जिने चढून बेजार झाली असली, तरी कागदावर त्याची सही दोष संपल्यावरच पडते. त्याच्या या हट्टापायी ऑफिसमधल्यांच्या नाकी नऊ येतात. त्याच्या जोडीचा म्हातारा कारागीर, ज्याला सगळे वंगणकाका म्हणतात, तो तर म्हणायचा, ‘तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी दाराच्या बिजागऱ्या बघाल.’

तर नवा मुलूख उघडला त्या दिवसापासून तो कामाला लागला. तपासणी वरून खाली करायची, आधी गच्चीवरची मोटारखोली आणि शेवटी तळाचा खड्डा, हा धंद्याचा नियम. म्हणून नकाशातल्या सगळ्यात लांबच्या बर्फाच्या डोंगरांपासून त्याने सुरुवात केली. सगळे खेळाडू सुरुवातीच्या गावात गर्दी करून होते तेव्हा हा एकटाच उभा कडा चढत होता. आणि नाव? लोखंड्या हे नाव त्याने घेतलं नाही. पास होण्याआधी लिफ्टवर नावाची पट्टी लावत नाहीत. त्याने साधं ‘तपासणी-एक’ असं नाव घेतलं. लोखंड्या मुलगी आली की येणार होता.

तीन आठवडे त्याने जिवाचं रान केलं. कामावरून आला की डबा बाजूला ठेवून बसायचा. रविवारी चार ते सहाही तो तिथेच होता, बर्फात. मध्ये मुलीशी फोनवर बोलणं झालं, नेहमीचे चाळीस सेकंद.

‘बघितलास का गेम?’

‘तपासतोय.’

‘अजून?’

‘मोठा आहे.’

‘बरं,’ ती म्हणाली, आणि थोडं थांबून पुन्हा, ‘बरं.’

खरं सांगायचं तर गेम यथातथाच होता. दुकानदार एकच वाक्य पोपटासारखं घोकायचे. लांडगे भिंतीत अर्धे घुसून तिथेच पाय झाडत बसायचे. ज्याला त्याला दहा अळंबी आणून हवी असायची. अख्ख्या मुलखात दुसरं संकट नव्हतंच जणू. पण एका पहाटे, गेममधल्या पहाटे, तो पुलावर उभा असताना दरीतलं धुकं हळूहळू वर सरकलं, खाली नदी दिसली, आणि खोलीत एकटाच बसलेला हा माणूस ‘वा’ म्हणाला. हे तिला दाखवायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. शेवटी तो खाली आला, सुरुवातीच्या गावाजवळच्या बुरुजापाशी. तिथे दोरावरचा एक पाळणा होता, आणि पाळणा म्हणजे लिफ्टच, त्यामुळे याचे डोळे चमकलेच. एकाने खाली चाक फिरवायचं, दुसऱ्याने वर जायचं. एकट्याने चाक फिरवलं तर ते हातभर फिरून मागे घसरायचं. चाकाजवळ दोन-चार माणसं डोळे मिटून बसलेली होती. या गेममध्ये तुम्ही बाहेर पडलात की तुमचं माणूस होतं तिथेच झोपून राहतं. त्यांच्या अंगावरून पाय टाकत त्याने चाक तपासलं, नोंद केली आणि पुढे गेला.

रविवारी दुपारी त्याने अहवाल लिहिला. कशावर लिहिणार? कामाचा छापील फॉर्म होता, त्यावरच. सुवाच्य अक्षरात चौदा दोष. सातवा: ‘झोपलेली माणसं चाकाजवळ वाटेत पडून असतात, अडथळा होतो.’ अकरावा: ‘पाळणा एकट्याने चालत नाही.’ धुक्याचं काही लिहिलं नाही, कारण त्या फॉर्मवर चांगल्या गोष्टींसाठी रकानाच नाही. तळाशी ‘वापरास योग्य / अयोग्य, नको ते खोडावे’ असं होतं. एकही दोष शिल्लक असताना ‘योग्य’ ठेवणं त्याच्या हाताला जमेना. त्याने ते खोडलं, सही केली, फोटो काढून मुलीला पाठवला, आणि बऱ्याच दिवसांनी शीळ घालत चहा टाकला.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिचं उत्तर आलं. ‘बरं. थँक्स बाबा. मग राहू दे. कॉलेजचंही खूप असतं आता.’

त्याने ते पाचसहा वेळा वाचलं. चहा उतू गेला. राहू दे म्हणजे काय राहू दे?

दुसऱ्या दिवशी एका इमारतीच्या गच्चीवर, मोटारखोलीत, त्याने तो कागद वंगणकाकांपुढे धरला. काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, सगळं वाचलं आणि म्हणाले, ‘हे वाचून मीसुद्धा त्यात पाय ठेवणार नाही.’

‘अहो, पण यात दुरुस्त न होण्यासारखं काय आहे?’

‘ते तुम्हाला कळतं.’

‘दोष काढले म्हणजे टाकाऊ थोडंच झालं? उलट ज्याच्यावर पुढे काम करायचं त्याचेच दोष काढतो ना आपण? भंगारात घालायच्या लिफ्टची यादी कोण करतं?’

‘कुणी नाही करत,’ काका म्हणाले. ‘पण हे लिफ्टवाल्याला माहीत असतं. पोरीने विचारलं, येऊ का? तुम्ही लिहून दिलंत, अयोग्य. सहीनिशी.’

हातातला पाना खाली ठेवून तो मोटारीच्या चौथऱ्यावर बसला आणि बराच वेळ बसूनच राहिला. काकांनी काम एकट्याने उरकलं.

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. त्याने मेसेज लिहिले आणि पुसले. ‘तसं नाही’ लिहिलं, पुसलं. ‘बरा आहे गेम’ लिहिलं. ते खरं नव्हतं, पुसलं. फोन लावावा तर चाळीस सेकंदांत काय काय मावणार? आणि एकदा ‘राहू दे’ म्हटलेलं पुन्हा उकरावं तर पोर वैतागून उरलेला फोनही बंद करेल, ही धास्ती. सहा वर्षं जे जपलं ते आपणच खोडून टाकलं, निळ्या शाईने, रेघ ओढून, असं त्याला सारखं वाटत राहिलं.

रविवारी चार वाजता हात सवयीने कॉम्प्युटरकडे गेला. करायला काहीच नव्हतं. मग त्याच्या मनात आलं, निदान तिचं नाव तरी आपण धरून ठेवू. पुढेमागे तिला यावंसं वाटलं तर ते दुसऱ्या कुणी लाटलेलं नसावं. त्याने नवं माणूस बनवायला घेतलं आणि नावाच्या चौकटीत लिहिलं, ‘खारूताई’.

‘हे नाव आधीच घेतलेलं आहे.’

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण हा चोर? त्याने त्या नावावर शोध घेतला. छोटी पाटी उघडली. ‘खारूताई. लेव्हल एक. मुलखात प्रवेश: पहिला दिवस. एकूण जागेपणा: एकतीस तास. शेवटची जाग: गेल्या रविवारी, तीन वाजून बारा मिनिटं. ठिकाण: बुरुजाचा पायथा.’

त्याने ते बोट ठेवून ठेवून वाचलं. लेव्हल एक म्हणजे एक उंदीरही मारलेला नाही. दहा अळंबीही कुणाला आणून दिलेली नाहीत. एकतीस तास जागं राहून माणूस काहीच करत नाही, म्हणजे करतो काय? उभा राहतो. ज्याला शोधायचं त्याचं नाव चौकटीत घालत राहतो. लोखंड्या नावाचं त्या मुलखात कुणी नव्हतंच.

त्याने नवीन माणूस बनवलं, नाव घातलं लोखंड्या, आणि गावाच्या वेशीतून बुरुजाकडे पळत सुटला. वाटेत कुणीतरी अळंबी मागितली. तो थांबला नाही. चाकाजवळ झोपलेली माणसं तशीच होती. दोघांना ओलांडून पलीकडे गेल्यावर ती दिसली, चाकाला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून. तपकिरी टोपी. चाक तपासताना हिला तो तीनदा ओलांडून गेला होता.

त्याने फोन उचलला आणि मुलीला लावला. बऱ्याच वेळाने तिने घेतला.

‘जेवलास का?’ ती म्हणाली.

‘तू गेममध्ये होतीस.’

‘पहिल्या दिवसापासून. पाळण्याला दोघं लागतात, म्हणून म्हटलं तिथेच थांबू. तू येशीलच चार वाजता.’

‘मी आलो होतो. दुसऱ्या नावाने. तपासायला.’

‘बुरुजापाशी?’

‘हो.’

‘मग मी दिसले नाही तुला?’

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणणं सोपं होतं आणि पोरीला ते पटलंही असतं. पण बत्तीस वर्षांत त्याने खोटं लिहून दिलेलं नव्हतं, आणि तिला तर नाहीच.

‘दिसलीस,’ तो म्हणाला. ‘सात नंबरला लिहिलंय.’

तिने अहवाल उघडला असावा. फोनवरचे आकडे पुढे सरकत होते, चाळीस, एक्केचाळीस, पन्नास. तिने फोन ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता, मध्येच अडकणारा. त्याने दुसऱ्या हाताने चाक धरलं आणि फिरवलं. पाळणा हातभर वर गेला आणि घसरून खाली आला. त्याने पुन्हा फिरवलं. टोपीखालचे डोळे अजून मिटलेलेच होते.