मेसेज आल्याचा आवाज

घरून करत होतो ती नोकरी गेली तेव्हा कंपनीने ऑनलाइन निरोपसमारंभ केला. मोठ्या साहेबांनी 'आपण एक कुटुंब आहोत' असं सांगून निम्मं कुटुंब घराबाहेर काढलं आणि शेवटी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. बंद दाराआडून बाबांना त्या ऐकू आल्या.

"प्रमोशन का रे?"

"तसंच काहीतरी," मी म्हणालो.

आई गेल्यापासून खारघरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. बाबांचं आयुष्य न्हावा शेवा बंदरात, कस्टममधून माल सोडवणाऱ्या एजंटकडे गेलं. घरी बसलेला पुरुष त्यांना बघवत नसे. खरं सांगणं मी रोज उद्यावर ढकललं.

ऑफिसचा लॅपटॉप परत गेला. माझा स्वतःचा जुना होता, लिनक्सवाला. त्यात एक ओळ टाइप करून आवाजाचं नाव दिलं की तो वाजतो. मेसेज आल्याचा, काम पूर्ण झाल्याचा, कचरापेटी रिकामी झाल्याचा. प्रत्यक्षात काही यावं किंवा व्हावं लागत नाही. कचरापेटीचा मी वगळला, तो फारच खरा होता. बाकीचे आपोआप वाजत राहतील अशा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घातले, मधलं अंतर कमीजास्त ठेवून, कारण ऑफिस काही घड्याळ लावून छळत नाही. दहाला दार लावायचं, स्क्रिप्ट सुरू करायची, आडवं व्हायचं. सुरुवातीला अर्ज तरी करत होतो.

बाबा फोनवर आत्याला सांगायचे, "अगं, श्वास घ्यायला फुरसत नाही त्याला. सारखं टुंग टुंग. आमच्या डॉकवरचा भोंगासुद्धा मधेमधे गप्प बसायचा!"

एका दुपारी दीडला जेवायला बाहेर आलो, तर ते बाथरूमच्या उंबऱ्यात पडलेले. पाय भलत्याच बाजूला वळलेला. अकरापासून तसेच होते. मी तेव्हा झोपलो होतो.

"हाक का नाही मारली, बाबा?"

"तुझं चालू होतं ना," ते म्हणाले. "म्हटलं, मीटिंग असेल. उगाच बोलणी बसायची तुला."

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तेवढ्यात आतून पुन्हा आवाज आला.

"बघ आधी. अर्जंट असेल."

मी आत जाऊन स्क्रिप्ट थांबवली. क्षणभर वाटलं, आता सांगून टाकावं. बाहेर आलो आणि त्यांच्या डोक्याखाली उशी दिली.

"सुट्टी दिली?" त्यांनी विचारलं.

"दिली."

"किती दिवस?"

"लागतील तेवढे."

त्यांनी डोळे मिटले. "माणसं चांगली आहेत रे तुमची," म्हणाले.