आसिमिना हाडं शिकते

चौथीत शाळा सोडलेल्या बाईने त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाच्या अंगातली हाडं पाठ करायला घ्यावीत, हे आमच्या गावाला काही केल्या पचेना. बेकरीपाशी पावाची वाट बघणाऱ्या बायांना तर विषयच मिळाला. "आसिमिना डॉक्टरीण होतेय गं," एक म्हणायची. "बरंच की, कंबर धरली तर लारिसाला दवाखान्यात जायचे बसचे हेलपाटे वाचतील," दुसरी म्हणायची. आसिमिना आली की सगळ्या गप्प, आणि ती पाव काखेत मारून वळली की पुन्हा सुरू. तिला ऐकू जात नसे असं नाही. पण जिचं चौदा वर्षांचं पोर कालव्यात बुडून गेलं, तिला बायांच्या जिभेचं काय भय असणार?

लाम्ब्रोसला जाऊन तीन वर्षं होत आली होती. येत्या मृतांच्या शनिवारी, म्हणजे गेलेल्यांच्या नावाने गहू वाटतात त्या दिवशी, त्याला वर काढायचं ठरलं होतं. आमची दफनभूमी तळहाताएवढी, तीन वर्षं झाली की जागा पुढच्याला सोडायची. हाडं वर काढायची, वाइनने धुवायची, पेटीत भरायची आणि चर्चच्या मागच्या खोलीत इतरांच्या पेट्यांशेजारी ठेवायची. पणजोबांच्या आधीपासून हेच चालत आलंय, आणि त्यात भिण्यासारखं काही आहे असं आमच्याकडे कुणाला वाटत नाही.

आसिमिनाला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. तिच्या बापाला वर काढलं तेव्हा खड्डा खणणारा रिझोसम्हातारा नेहमीच्या घाईत होता. रिझोसचा हात दमदार, पण नजर अधू, आणि काम उरकून कोन्याक दारूचा पेला हातात कधी येतो याकडे अर्धं लक्ष. मोठी मोठी हाडं वर आली, धुतली गेली, पेटी बंद झाली. पुढच्या आठवड्यात आसिमिना शेजारच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालायला गेली, तर उकरलेल्या मातीत तिला एक चपटा गोलसर खडा दिसला. तिने तो उचलला आणि भिंतीपलीकडे भिरकावून दिला. इतकंच. विसरूनही गेली.

मग गेल्या पानगळीत तिच्या बहिणीची मुलगी, ख्रिसांथी, अभ्यासाला म्हणून मावशीकडे राहायला आली. पोरगी लारिसाला डॉक्टरी शिकत होती आणि बसमधून उतरली ती काखेत एक लाकडी खोकं घेऊन. खोक्यात हाडं होती. वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गाला देतात, खालची त्यांच्या खालच्यांना. मूळची कुठल्या गावच्या मातीतली, हे कुणी विचारत नाही. आसिमिनाने आधी ते खोकं उंबऱ्याच्या आत घेऊ दिलं नाही. मग पावसाचं चिन्ह दिसलं, कुणाचं का असेना, माणूस भिजेल म्हणून तिची तीच विरघळली. तिने मेरीमातेपुढचा दिवा पेटवला, छातीवर क्रूस काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी टेबल पुसताना तिच्या हाताला एक चपटा गोलसर खडा लागला.

"हे काय गं?"

"ती गुडघ्याची वाटी, मावशी."

आसिमिना खुर्चीवर बसली ती बसलीच. "हे मी फेकलंय," ती म्हणाली. "माझ्या बापाचं. भिंतीपलीकडे फेकलंय मी हे, दगड म्हणून."

दोन दुपारी ती भिंतीमागच्या काटेरी झुडपांत शोधत फिरली. हात ओरबाडून निघाले, हाती काही लागलं नाही. तिथून मेंढरं जातात, काय उरणार? परत आल्यावर तिने ख्रिसांथीचं पुस्तक मिटलं आणि तिचे दोन्ही हात धरले.

"मला शिकव. सगळी. एकूण एक. लाम्ब्रोसचं नखाएवढंसुद्धा मातीत राहता कामा नये. समजलं?"

शिकवणं म्हणजे दिव्यच होतं. पुस्तकातली जडजंबाल नावं आसिमिनाच्या डोक्यावरून जायची, मग तिने स्वतःची नावं ठेवली. गळपट्टीचं हाड. पंख्याचं हाड. मनगटातल्या आठ बारक्या हाडांना ती 'चणे' म्हणायची आणि डोळे मिटून, एकेक बोटांत फिरवून, ओळीने मांडून दाखवायची. सांधे तिला पटकन कळले. खांदा आणि खुबा म्हणजे उखळीत बसलेला गोळा, कोपर म्हणजे कपाटाची बिजागरी. "यात शिकायचं काय? कोंबडी मोडताना रोजच बघते मी," म्हणाली. आणि एक गोष्ट तिने पक्की केली. जिथे हाड हाडाला भेटतं तिथे ते गुळगुळीत असतं, चाटून ठेवल्यासारखं. जिथे खडबडीत लागेल तिथे ते मोडलेलं. बिचारी इथेच फसली, पण ते पुढे.

"एकूण दोनशे सहा," ख्रिसांथी म्हणाली होती, आणि तो आकडा आसिमिनाने देवाच्या नावासारखा धरून ठेवला. कानात तीन-तीन हाडं असतात, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, हे ऐकल्यावर ती दिवसभर अस्वस्थ होती.

"ती कशी सापडायची गं?"

"डोक्यातच राहतात, मावशी. नाही सापडली तरी..."

"नाही सापडली तरी काय? तुझी गेली तर चालतील तुला?"

शेवटी तिनेच तोड काढली. धुण्याआधी कानांच्या भोकांत कापसाचे बोळे घालायचे. कापसाला आमच्याकडे काय तोटा!

या सगळ्यात तिचा नवरा झिसिस कुठे होता म्हणाल, तर चौकातल्या कॉफीच्या दुकानात. टेबलावर हाडं मांडलेली असली की तो स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे. पोरगा बुडाला त्या जुलैमध्ये कालव्यावरच्या पंपाची जाळी साफ करायला पोराला त्यानेच पाठवलं होतं. आसिमिना त्याला त्यावरून एक शब्द बोलली नाही, आणि मला वाटतं, तेच त्याला जास्त जाळत होतं. बोलली असती तर त्याला निदान उलटून ओरडता आलं असतं. साडेसहा फुटांचा हा गडी तीन वर्षं घरात पाहुण्यासारखा वावरत होता.

शनिवारी सकाळी ऊन स्वच्छ होतं. सायप्रसच्या झाडांखाली निम्मं गाव जमलं, बेकरीपाशी टोमणे मारणाऱ्या बायाही आल्या, मेणबत्त्या आणि साखर घातलेले शिजवलेले गहू घेऊन. झिसिस फाटकापाशीच थांबला. आसिमिनाने घरची गव्हाची चाळण आणली होती. रिझोसला ते बघूनच राग आला.

"चाळण कशाला? मी काय आज पहिल्यांदा खणतोय का, पोरी?"

"तू खण, रिझोसकाका. माती मी चाळते. आणि फावडं नको, हाताने काढ."

डोकं आधी वर आलं. रिझोसने ते दोन्ही हातांनी तिच्याकडे दिलं. "ये रे बाळा," आसिमिना म्हणाली आणि तिने त्याच्या कपाळावर ओठ टेकले. बायांनी श्वास सोडला, कारण हाड मधासारखं पिवळं, स्वच्छ निघालं होतं. याचा अर्थ जीव शांत आहे. एकीने हुंदका दिला, मग सगळ्यांनी. आसिमिना मात्र रडली नाही. तिने कानांत कापूस घातला आणि डोकं पांढऱ्या चादरीच्या वरच्या टोकाला ठेवलं. आज तिला रडायला फुरसत नव्हती.

एकेक हाड वर येत गेलं आणि ती ते आपापल्या जागी ठेवत गेली. मणके ओळीने. बरगड्या डावीकडच्या डावीकडे. पायांत नायलॉनचे मोजे होते, त्यांनी सगळी बारकी हाडं जशीच्या तशी राखली होती, आणि तिने त्या मोज्यांचे मनापासून आभार मानले. हाताचे चणे चाळणीत सापडले. इथवर सगळं ठीक होतं.

मग मांडीचं हाड आलं आणि त्याला गोळाच नव्हता. वरचं टोक खडबडीत, खालचंही खडबडीत. दुसऱ्याचंही तसंच. चाळणीत टोपणांसारखे तुकडे येऊ लागले, एक, आणखी एक, मूठभर. दंडाचं टोक निराळं, नडगीचं निराळं. खुब्याचं हाड एक यायला हवं तिथे तीन तुकडे. आसिमिनाने मोजायला सुरुवात केली. दोनशे सहा केव्हाच मागे पडले आणि रिझोस अजून काढतच होता.

"थांब! तू मोडलंस त्याला," ती म्हणाली. "मोडलंस!"

"मी? हाताने काढतोय ना तुझ्यासमोर!"

"मग हे इतके कुठून आले? कुणाचं मिसळलंस यात? शेजारच्या कबरीत घुसलास ना? माझ्या बापाला अर्धा ठेवलास, आता पोरात दुसऱ्याचं घालतोस? आंधळ्या, दारुड्या, तुझे हात झडोत!"

सगळं गाव ऐकत होतं. रिझोस खड्ड्यात उभा, छातीपर्यंत मातीत, टोपी हातात. "पोरी, देवाशपथ," एवढंच तो म्हणत राहिला. "इतक्या लहान वयाचं मी कधी काढलंच नाही गं. मला नाही ठाऊक." पाद्रीबाबा पुढे झाले, तिने त्यांनाही हाताने मागे सारलं. पेटीत परकं हाड गेलं तर तिथे लाम्ब्रोस एकटा राहणार नव्हता, आणि त्याचं एखादं परक्या पेटीत गेलं तर कधीच पुरा होणार नव्हता. चाळण फेकून ती मातीत बसली. आता कुठलं तिच्या पोराचं आणि कुठलं दुसऱ्याचं, हे कोण सांगणार होतं?

ख्रिसांथी इतका वेळ मागे उभी होती. चुलतमावस भावंडांत लाम्ब्रोस तिचा सगळ्यांत लाडका, तिला चादरीकडे बघवत नव्हतं. आता ती पुढे आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने एक टोपण उचलून मांडीच्या हाडाच्या टोकाला लावलं. खडबडीत बाजूला खडबडीत बाजू. उंचवटा खळग्यात बसला, एक केसही जाईना.

"त्याचंच आहे, मावशी," ती म्हणाली. "सगळं त्याचंच आहे. कुणी काही मोडलं नाही."

"मग सुटं का?"

"जुळायचं होतं अजून. हाड वाढतं ते याच फटीतून. वाढ पुरी झाली की टोक चिकटतं, अठराव्या-विसाव्या वर्षी. मग दोनशे सहा होतात. मी तुला मोठ्या माणसाची हाडं शिकवली गं. परीक्षेत हे घडाघडा लिहिलं मी, शाबासकी मिळवली, आणि लाम्ब्रोस चौदाचा होता हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं."

आसिमिनाने ते टोपण आपल्या हातात घेतलं, काढलं, पुन्हा बसवलं. मग ती उठली, खड्ड्याच्या काठाशी गेली आणि रिझोसचा मातीने भरलेला हात तिने आपल्या कपाळाला लावला. "माफ कर, काका. सगळ्यांदेखत बोलले." म्हाताऱ्याने मान हलवली आणि टोपी डोळ्यांवर ओढली. नंतर त्यानेच चाळण उचलून तिच्या हातात दिली, आणि उरलेली माती दोघांनी मिळून चाळली.

वाइनने धुऊन झाल्यावर पेटी पुढे आली. आमच्याकडे मांडीची हाडं तळाला आडवी घालतात आणि बाकीचं वर भरतात. आसिमिनाने तसं करू दिलं नाही. तिने चादरीची कड फाडली, पट्ट्या काढल्या आणि एकेक टोपण त्याच्या त्याच्या हाडाला बांधायला घेतलं. ऊन चढलं. मेणबत्त्या वाकल्या. एक माणूस धरणारा हवा होता, एक बांधणारा, आणि ख्रिसांथीने धरलेलं हाड तर सारखं निसटत होतं.

तेवढ्यात चादरीवर सावली पडली. झिसिस फाटकातून आत आला होता. तो बायकोसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने बांधायला हाड धरलं. ती पट्टी गुंडाळत गेली, तो हाड फिरवत गेला. मांडीचं हाड बांधून झालं तेव्हा आसिमिनाने ख्रिसांथीकडे वर पाहिलं.

"किती वाढला असता गं?"

"काय सांगू, मावशी. बापावर गेला होता."

झिसिसने हातातल्या हाडाकडे पाहिलं. मग त्याने पाय लांब केला आणि ते हाड स्वतःच्या मांडीवर, खुब्याला टेकवून ठेवलं. त्याचं खालचं टोक गुडघ्यापर्यंत पोचेना. उरलेल्या जागेत त्याने आपली बोटं आडवी धरून पाहिली, एक, दोन, तीन, चार.

"चार बोटं," तो म्हणाला. "चार बोटं राहिली त्याची, आसिमिना." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तो बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडला. आसिमिनाने मुलाचं हाड एका हाताने सांभाळलं, दुसरा हात नवऱ्याच्या पाठीवर ठेवला, आणि मग तीही रडली.