ड्रॅगनचा उपवास

आमच्या ड्रॅगनला चार पाय आणि वर दोन पंख असणार नाहीत, हे पहिल्याच संध्याकाळी ठरलं. मी तेव्हा पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. मुलांच्या एका मासिकाने माझ्याकडे ड्रॅगनची गोष्ट मागितली होती, हप्त्याहप्त्याने छापण्यासाठी. सोबत नमुन्याचं एक चित्र पाठवलं होतं. ते मी आत्याला दाखवलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आली आणि माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मराठी सातवी पास होती. वाचनालयातलं पुस्तक आधी तिच्या हातात जायचं, मग माझ्या. तांदूळ निवडता निवडता तिने चित्राकडे पाहिलं.

"याचे पंख कुठल्या हाडाला अडकवलेत गं?"

"हाडाला नाही, चित्रकाराच्या मर्जीला."

"मग खोटं आहे."

"आत्या, ड्रॅगन मुळातच खोटा असतो."

"असू दे की. खोट्याला काही रीत नको?"

म्हणून वटवाघळासारखे त्याचे पुढचे पायच पंख झाले. तिथून पुढे रोज संध्याकाळी, मी गाडीने पिंपरीला परतले की ताटात तांदूळ घेऊन ती बसायची आणि मी तिच्यासमोर. ती अडवायची, मी सोडवायचे. एवढा मोठा प्राणी राहतो कुठे? देहूरोडच्या बाजूला डोंगरात कपारी आहेत, तिथे. मग दिसत कसा नाही कुणाला? थंड रक्ताचा आहे. ऊन वर येईपर्यंत काळ्या कातळावर पडून राहतो, कातळाच्याच रंगाचा. पाण्यावर येतो तो तिन्हीसांजेला. आणि खातो क्वचित. अजगर एकदा पोटभर गिळला की कित्येक आठवडे काही खात नाही, तसाच हा.

हे ऐकून आत्या खूश झाली. "म्हणजे उपवास करतो म्हण की."

"उपवास नाही. त्याला गरजच नसते."

"तेच ते," ती म्हणाली.

शिकारीची पद्धत मात्र सहज जमली नाही. तोंडातून आग सोडून हरीण भाजायचं आणि खायचं, हे तिला पटेना. भाजलेलं खाणारा प्राणी माणसाशिवाय दुसरा कुठला, असा तिचा सवाल. फाल्गुनात आमच्या मागच्या दारातून डोंगरावरचा वणवा दिसायचा, आणि त्याच्या धुरावर घारी फिरत असायच्या. गवतातून बाहेर पळणारे उंदीर, टोळ टिपायला त्या आगीपाशी जातात. ते बघताना मला उत्तर सापडलं. आमचा ड्रॅगन आगीने मारत नाही. वाळलेल्या गवताला कडेने आग लावतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन बसतो आणि भेदरून पळत येणारे ससे, भेकरं, एखादं वासरू पकडतो.

तळवड्याहून सायकलवर किटल्या लावून येणारा दूधवाला हे दारात उभा राहून ऐकत होता. "म्हंजी वणवा त्यो लावतो व्हय?"

"तोच," आत्या गंभीरपणे म्हणाली.

"मग त्या जंगलाच्या रखवालदाराला सांगा की, आक्का. आमच्या पोरांच्या मागं लागलंय ते. पोरं इड्या वढत्यात, पण आग न्हाई लावत."

"दूध पातळ आहे आज. तेही ड्रॅगननेच केलं का?"

"त्यो पाण्यावर येतो म्हनला न्हवं तुमी? आला आसंल," असं म्हणून तो निघून गेला. आत्या किती वेळ हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला आणि तिने पाणी मागितलं. पाणी ती अगदी लहान घोटांनी प्यायली. हे मला आज आठवतं. तेव्हा मी फक्त फुलपात्र परत घेतलं.

भात काढला की पातेल्याच्या बुडाची खरपूस खरवड आत्याची, हा आमच्या घरचा जुना नियम. लहानपणी मी त्यासाठी रडायचे तरी ती द्यायची नाही. त्या उन्हाळ्यात तीच खरवड ती माझ्या ताटात टाकायला लागली. मी शिकते आहे, दमून येते आहे, म्हणून ही माया, असं मी धरून चालले आणि खाल्ली.

आगीचा प्रश्न मी असा सोडवला होता: त्याच्या जबड्यात दोन ग्रंथी, दोन वेगळे रस, ते तोंडाबाहेर एकत्र आले की पेटतात. कसलासा गरम फवारा उडवणारा एक भुंगेरा असतो, त्यावरून सुचलं होतं. आत्याने ते मान्य केलं, पण पुढच्या संध्याकाळी म्हणाली, "आग बाहेर पेटते, ठीक. पण थोडे थेंब आत राहतच असतील. घसा भाजत नाही त्याचा?"

प्रश्न उत्तम होता. गाडीत बसून मी त्यावरच विचार केला आणि घरी आल्या आल्या, चपलाही न काढता, तिला सांगितलं, "घशाचं आतलं अस्तर तो सापाच्या कातीसारखं टाकतो. तेवढे दिवस काही गिळत नाही. नदीकाठी पडून राहतो, पाण्यावर. नवं अस्तर आलं की पुन्हा शिकारीला."

"येतं ना पण नवं?"

"येतंच."

"दर वेळी?"

"दर वेळी. नाहीतर मरेल ना तो."

तिने तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "बरं आहे त्याचं," ती म्हणाली. तो भाग छापून आला तेव्हा संपादकांनी घशाच्या अस्तराची कल्पना आवडल्याचं मुद्दाम कळवलं. मी ते तिला वाचून दाखवलं.

आषाढात आत्याने चातुर्मासाचा नेम धरला. तिचे सोमवार, एकादशा, चतुर्थ्या आधीपासून होत्याच. आता चार महिने एकवेळ, तेही पातळ. साबुदाणा सोडला, वरीचे तांदूळ सोडले. श्रावणापासून नुसतं ताक आणि दूध. आमच्या मूळच्या साताऱ्याकडच्या घराण्यात विधवा बाईने कडक नेम धरला की सगळ्यांचा आवाज जरा खाली येतो. वडील नुकत्याच लागलेल्या कारखान्यातल्या नोकरीवरून भोंगा झाल्यावर घरी यायचे, तिच्या हाडं निघालेल्या मनगटांकडे बघायचे आणि मला म्हणायचे, "अक्काचा नेम आहे. आग्रह करू नकोस." दूधवाल्यानेही रतीब वाढवताना हात जोडले होते. आणि मी? मी तिच्याशी थट्टा करत होते की ड्रॅगनलासुद्धा तिने मागे टाकलं.

ती बारीक होत होती हे मला दिसत होतं. मला न दिसणारं काही नव्हतंच. अजगर उपाशी असताना शरीरातली कुठली चरबी आधी वापरतो, हे मी तिला त्याच दिवसांत समजावून सांगितलं.

दिवाळीच्या आधी तिने विचारलं, "म्हातारा झाला की काय खातो गं आपला?"

"शिकारी प्राणी म्हातारा होत नसतो, आत्या. पळता येईनासं झालं, दात गेले, की शिकार मिळत नाही. मग उपासमारीने मरतो. वाघाचंही तसंच."

"कुणी आणून देत नाही?"

"रानात कोण आणून देणार?"

"पोरं असतील की त्याची. नाहीतर भावाची."

"ती आपापल्या हद्दीत जातात. म्हाताऱ्याला भरवतं असं कुणी नसतं." हे मी बऱ्याच ठामपणे सांगितलं. रीत तिनेच मागितली होती.

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला. द्वादशीला वडिलांनी हौसेने पुरणाचं ताट करायला लावलं. आत्या म्हणाली, "आणखी थोडे दिवस राहू दे." वडिलांनी तेव्हाही आग्रह केला नाही. मी ताट झाकून ठेवलं.

त्या आठवड्यात एका दुपारी कॉलेज लवकर सुटलं. घरी आले तर आत्या मोरीपाशी बसली होती, हातात दुधाची वाटी. तिने घोट घेतला, मान वर केली, डोळे मिटून थांबली. दूध परत वाटीत आलं. तिने पुन्हा तेच केलं. मग मी दारात उभी आहे हे तिच्या लक्षात आलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि हसण्याचा प्रयत्न केला.

"अस्तर यायचंय अजून," ती म्हणाली.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अन्ननलिकेत गाठ आहे, फार वाढलेली. घास अडकायला लागून किती दिवस झाले, असं त्यांनी विचारलं. वडील माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "चातुर्मास होता." डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहायला घेतलं.

आधी आणलं असतं तर वाचली असती का, हे मी त्यांना नंतर एकटी जाऊन विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. मग लगेच तसं वाटल्याची लाज वाटते. तिला कळलं होतं का, हेही मला ठाऊक नाही. कळलं असेल तर वडिलांच्या नव्या नोकरीत, माझ्या परीक्षेत दवाखाना नको म्हणून तिने उपवास पुढे केले असतील. आणि घसा बरा होतो का, हे विचारण्यासाठी तिला घरात एकच वाट सापडली असेल. त्या वाटेवर मी बसले होते, उत्तरं तयार ठेवून.

पौषात ती गेली.

आता वर्षश्राद्ध आलं आहे. मासिकाचा शेवटचा हप्ता अजून माझ्याकडेच आहे. मी तो बऱ्याच वेळा लिहिला. त्यात म्हातारा ड्रॅगन कपारीत पडला आहे आणि एक तरुण मादी पाण्यात भिजवून मऊ केलेलं मांस तोंडातून आणून त्याच्या जबड्यात सोडते. कुठलाच सरपटणारा प्राणी असं करत नाही. आत्याने पहिल्या वाक्याला अडवलं असतं, आणि मला सोडवता आलं नसतं. मी ते तसंच ठेवलं आहे, पण अजून पाठवलेलं नाही.

काल वडील म्हणाले, "अक्काच्या आवडीचं काहीतरी पानात हवं. काय आवडायचं तिला?"

"खरवड."

"ती तर तुला द्यायची."

"शेवटी शेवटी. आधी कुणाला हात लावू द्यायची नाही."

त्यांनी चुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गुरुजी काय म्हणतील, करपलेला भात वाढला तर?"

तांदूळ निवडून ठेवले आहेत. उद्या पातेलं चुलीवरून जरा उशिराने उतरवायचं.