दगड नंबर एक्केचाळीस

रागावू नकोस, बीपी वाढेल, असं मला घरातले सगळे सांगतात. वाढू दे. ज्या गावात माणसाला नुसतं तळ्याकाठी बसायला तिकीट काढावं लागतं, तिथं बीपी वाढलं नाही तर ते यंत्र दुरुस्तीला टाकावं.

वैजनाथची गोष्ट सांगायची म्हणजे आधी त्याची सुट्टी सांगायला हवी. तो आमच्या वारज्याच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. मूळचा हिंगोलीकडचा, भोसरीच्या एका कारखान्यात लेथ चालवतो. तिकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. अख्खं पुणं रविवारी गाड्या काढून सिंहगडाच्या रस्त्यावर हॉर्न वाजवत असतं, तेव्हा हा कामावर. आणि बुधवारी संध्याकाळी सगळे ट्रॅफिकमध्ये अडकलेले असताना हा बायकोला, म्हणजे दीपमालाला, स्कूटरवर बसवून धरणाच्या पाण्याकडे निघालेला. एक मुक्काम करायचा, गुरुवारी दुपारी परत. गेली चौदा वर्षं.

तंबू दीपमालानं शिवलेला. ती ब्लाउज-फॉल-बिडिंग करते, हात साफ. कापड मात्र जुन्या फ्लेक्सचं. त्यामुळे आत आडवं पडलं की डोळ्यांसमोर कुठल्याशा दादांचा हसरा चेहरा आणि ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. मी विचारलं, "अरे, उलटा शिवायचा ना, चेहरा बाहेर!" तर म्हणाला, "बाहेर लावला तर लोकं सभा हाय समजून जमतील, काकू."

मी ललिता. त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. शाळेत एकतीस वर्षं क्लार्क होते, आता निवृत्त, म्हणजे लोकांच्या चुका काढायला पूर्णवेळ मोकळी. आधी मी त्याची टिंगलच करायचे. घरात पंखा असताना डासांच्या घरी पाहुणे म्हणून कोण जातं? मग चौसष्टाव्या वर्षी एकदा हट्टानं त्यांच्याबरोबर गेले. गुडघे दोन दिवस बोलत होते, पण सकाळी तोंडावर पाण्याचा वारा आला आणि मला उगाच रडू आलं. का ते विचारू नका. त्यानंतर दर महिन्याला एकदा जायला लागले.

जागा शोधायची त्याची पद्धत ऐका. नकाशा नाही, मोबाइल नाही. "मोबाइल हॉटेल दाखवतो, जागा नाही दाखवत," म्हणायचा. खडकवासल्याच्या पुढं जायचं, रस्ता संपत आला की थांबायचं आणि गुरं घेऊन येणाऱ्या पहिल्या माणसाला विचारायचं, गुरं पाण्यावर कुठून नेता?

"म्हैस कड्यावरून पाणी प्यायला उतरत नसती, काकू. ती जाती तिथं उतार सोपा असतो, पाय रुतत नाही, अन् वाट सगळ्यांची असती. तिथं माणसाला झोपता येतं."

मग त्या माणसाला विचारायचं, एक मुक्काम केला तर चालेल का? हो म्हणाला तरच तंबू. निघताना कचरा पिशवीतून परत वारज्याला. आणि पुढच्या येणाऱ्यासाठी सुकी लाकडं दगडाआड ठेवून जायची, कारण आपण आलो तेव्हा कुणीतरी ठेवलेलीच होती. हे सगळं तो एका लांबड्या वहीत लिहायचा. जागेची खूण, कुणाला विचारलं, पाणी कुठवर होतं. शेवटच्या रकान्यात एकच शब्द: मोकळी. तिथं उभं पीक नाही, कुंपण नाही, गुरांना आपली अडचण नाही, आणि विचारलेलं आहे. एवढं सगळं त्या एका शब्दात बसायचं.

त्यातली त्याची सगळ्यात लाडकी जागा तुळजाबाईंची. म्हणजे जागा त्यांची नव्हे, वाट त्यांच्या म्हशींची. सत्तरीच्या बाई, सात म्हशी, दूध डेअरीला. पहिल्या वर्षी त्यांनी वैजनाथला नखशिखान्त बघून घेतलं आणि म्हणाल्या, "ऱ्हा की. पन गर्दी आनू नगंस. माझ्या म्हशी बुजत्यात." तो म्हणाला, नाही आणणार. दिलेला शब्द त्यानं चौदा वर्षं पाळला.

शब्द मोडला मी.

पुष्कर माझा भाचा. बाणेरला कंपनीत आहे, रविवारी ‘डिटॉक्स’ करतो. मला म्हणाला, मावशी, तुमच्या त्या खालच्या काकांची वही बघायला मिळेल का, मस्त व्हिंटेज आहे. मी वैजनाथकडून वही मागून आणली. तो कधी कुणाला नाही म्हणाला नाही, मला तर नाहीच. पुष्करनं चहा पिता पिता सगळ्या पानांचे फोटो काढले. मी त्याला बशीत चकल्या वाढत होते. चकल्या! आता आठवलं तरी हात जळजळतो.

आठवड्यात इंटरनेटवर लागलं: ‘पुण्याजवळच्या सतरा फ्री लेकसाइड जागा, ज्या तुम्हाला कुणी सांगणार नाही’. सांगणार नाही म्हणे, आणि सांगतोय कोण? वैजनाथच्या ‘मोकळी’चं या शहाण्यानं ‘फ्री’ करून टाकलं होतं. विचारायचं, लाकडं ठेवायची, गर्दी न्यायची नाही, ते रकाने गाळले. मी फोन करून बोल बोल बोलले. तर म्हणे, "चिल, मावशी. निसर्ग सगळ्यांचा आहे." अरे, सगळ्यांचा आहे म्हणूनच विचारायचं असतं, गाढवा!

त्या रविवारी पंचवीस गाड्या गेल्या. पुढच्या रविवारी साठ. स्पीकर, बाटल्या, फुगे. आणि जिथं साठ गाड्या जातात तिथं हुशार माणूस फाटक लावतो. तुळजाबाईंचा पुतण्या जयसिंग, त्याची वरच्या अंगाला थोडी जमीन होती. त्यानं तिला पत्रे ठोकले, आणि ठोकता ठोकता थेट पाण्यापर्यंत नेले. म्हशींची वाट आत गेली. वर पाटी: ‘खासगी मालमत्ता. बुकिंगशिवाय प्रवेश नाही’.

हे आम्हाला कळलं ते बुधवारी संध्याकाळी, फाटकासमोर उभं राहून. आतून मॅनेजर आला, गॉगल कपाळावर. "अंकल, बुकिंग आहे का?"

वैजनाथ म्हणाला, "नाही, आम्ही असंच."

"असंच नाही होत, अंकल."

माझं डोकं फिरलं होतं, पण मी तोंड उघडण्याआधी मागून तुळजाबाई आल्या. म्हशींना दीड कोस लांबून फिरवून आणत होत्या, त्यांचा स्वतःचा एक पाय सुजलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. वैजनाथसमोर उभ्या राहिल्या.

"तुला भाऊ म्हनून बसू दिलं. तू आमचं पानी इकलंस."

चौदा वर्षांत त्या माणसाला मी ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. तो मान खाली घालून उभा राहिला. ‘मी नाही’ म्हणाला असता, बोट माझ्याकडं केलं असतं, तर खरंच होतं. नाही केलं. दीपमालानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

मग मीच म्हणाले, "त्यानं नाही विकलं हो. मी वही दिली. माझ्या भाच्यानं हा घोळ घातला." तुळजाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचा भाचा आन् माझा पुतन्या. चांगली सोयरीक जमली." एवढं म्हणून म्हशी हाकत निघून गेल्या.

त्या अवस्थेत मला बसायला काहीतरी हवं होतं. फाटकाशी एक दगड होता, पांढरा रंगवलेला, वर लाल अक्षरांत ‘आय लव्ह लेक’. फोटो काढायची सोय! मी टेकले तर वैजनाथ चटकन म्हणाला, "काकू, उठा जरा." वाकून दगडाची कड बघितली. "हा आपला लाकडाचा दगड हाय."

ज्याच्याआड तो लाकडं ठेवायचा तो. उपटून इथं आणलेला. मी पर्समधून किल्ली काढली आणि रंग खरवडला. मॅनेजर ‘आंटी, आंटी’ करत राहिला. रंगाखाली कोरलेला आकडा निघाला: ४१.

आता मी एकतीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढलीत, जमिनीचे कागद-नकाशे पाहिलेत. आकडा कोरलेला दगड कुणी हौसेनं पुरत नाही. धरणासाठी घेतलेल्या जमिनीची ती हद्द असते. दगडाच्या वर जयसिंगची जमीन, दगडाच्या खाली पाण्यापर्यंत सरकारची. दगड हलवला की हद्द हलली, असं त्या हुशार माणसाला वाटलं होतं. पण तो कुठं होता हे वैजनाथच्या वहीत चौदा वर्षं लिहिलेलं होतं: ‘दगड ४१, जांभळापासून पाण्याकडे अकरा पावलं. मागं लाकडं ठेवली.’

मी पाटबंधारे खात्याला अर्ज लिहिला. विषय: म्हशींना पाणी पिण्यास होणारा अडथळा दूर करणेबाबत. सोबत वहीच्या पानांच्या प्रती, तारखांसह. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. पुढचे सात मंगळवार जाऊन बसले. शिपाई मला बघून हसायचा बंद झाला, मग साहेबांकडं घेऊन गेला.

शेवटी एक तरुण अभियंता मोजणीला आला. जयसिंग होता, मॅनेजर होता, तुळजाबाई लांब बांधावर बसल्या होत्या. जयसिंग म्हणाला, "साहेब, या वहीला काय अर्थ हाय? पावलं कुनाची धरायची?"

"माझी," वैजनाथ म्हणाला.

आणि तो जांभळाखाली जाऊन उभा राहिला. मनातल्या मनात मोजत, नेहमीच्या चालीनं, पाण्याकडे निघाला. अकराव्या पावलाला थांबला, गवत पायानं बाजूला केलं. काही दिसेना. जयसिंग फिस्सकन हसला. वैजनाथ खाली बसला आणि हातानं माती उकरायला लागला. वीतभर खाली चौकोनी खड्डा लागला, भुसभुशीत मातीनं बुजवलेला. दगडाच्या बुडाएवढाच.

अभियंत्यानं त्याची टेप लावली, आणलेला नकाशा उघडला, आणि जयसिंगला म्हणाला, "इथून खालचे पत्रे काढा." मी टाळ्या वाजवल्या. मला वयाची लाज नाही.

पत्रे निघाले तो शनिवार होता, वैजनाथनं रजा टाकलेली, वर जयसिंगच्या भाड्याच्या तंबूंत बुकिंगवाली मंडळी. तुळजाबाईंनी म्हशी आपल्या जुन्या वाटेनं सोडल्या. साती म्हशी रांगेनं पाण्याकडे गेल्या, वाटेत त्यांना जे करायचं होतं ते करत गेल्या. एका बाईंची योगाची चटई कामी आली. तुळजाबाई वैजनाथपाशी थांबल्या. "बुधवारी ये," म्हणाल्या. "लाकडं ठेवते." त्यानं त्यांच्या पायाला हात लावला.

पण तो आता तिकडं मुक्कामाला जात नाही. जाऊन बसतो, चहा घेतो, परत येतो. वर स्पीकर अजून वाजतात, जयसिंगच्या स्वतःच्या जमिनीत. त्याला कोण काय म्हणणार? पुष्करनं ती यादी काढली म्हणे. पण तोवर तिच्या शंभर नकला झालेल्या.

परवा बुधवारी संध्याकाळी वैजनाथ आणि दीपमाला स्कूटरला तंबू बांधत होते. मी खाली गेले. वर्षानुवर्षं मी विचारायच्या आधी तो वही उघडून दाखवायचा, बघा काकू, काय जागा सापडली!

"नवी सापडली वाटतं?" मी विचारलं.

"सापडली."

"कुठं रे?"

त्यानं दोरीची गाठ आवळली, पुन्हा सोडली, पुन्हा आवळली. "तुमचे गुडघे कसे हायेत, काकू?" त्यानं अगदी मायेनं विचारलं.

बरे आहेत म्हणाले. स्कूटर फाटकाबाहेर वळेपर्यंत तिथंच उभी होते. मग वर येऊन पुष्करला फोन लावला, आणि त्यानं उचलल्यावर काहीच न बोलता ठेवून दिला. त्याला काय बोलणार? चकल्या मीच वाढल्या होत्या.