हाडकीची माती

"ही बाटल्या धुते," सर पाहुण्यांना म्हणाले.

पाहुणे औषध कंपनीचे होते. त्यांच्यापुढं ठेवलेली काचेची बशी माझी होती. बशीभर रोगाचे जंतू दाटलेले, आणि एका करड्या ठिपक्याभोवती तेवढं मोकळं कडं. त्या ठिपक्यातला सूक्ष्मजीव जंतूंना मारत होता. तीन वर्षं विद्यापीठात खपून तो मी मातीतून वेगळा केला होता. मी पीएचडीची विद्यार्थिनी, सर माझे गाईड. प्रबंधावर त्यांची सही लागणार होती. उठले आणि खरंच बाटल्या धुवायला गेले. माझीच मला लाज वाटली.

माती माझ्या गावची, तेरची. आमच्या हाडकीतली, म्हणजे गावची मेलेली ढोरं टाकायची जागा. माझा आजा तिथं ढोरं ओढायचा. आम्ही बौद्ध झालो आणि ते काम सोडलं. दुष्काळात गुरं पटापट मेली, तेव्हा गाववाल्यांना आपली आपण ओढावी लागली. ती माती मला वडिलांनी उकरून दिली.

"हितं कुजल्यालं समदं जिरतंय बाय," ते म्हणाले. "कायतरी आसंलच हितं."

प्रयोगशाळेची रीत अशी, की ज्यानं माती आणली त्यानंच नोंदवहीत जागा लिहायची. शाईनं, गाईडसमोर. पाहुणे गेल्यावर सरांनी वही पुढं सरकवली.

"देवळाच्या आवारातली माती, असं लिही. हाडकीतलं औषध कोण पोटात घेईल?"

"सर, माती तिथली नाही."

"तुला पदवी हवी ना?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नाही म्हणावं तर तीन वर्षं पाण्यात. लिहावं तर वडिलांना काय सांगू? तुम्ही उकरलेली माती देवळाला वाहून आले म्हणून?

मी लिहिलं: तेर, महारवाड्यालगतची हाडकी. माती काढली वडिलांनी. खाली माझं नाव.

"सही विसर," सर म्हणाले.

सही त्यांनी अजून केलेली नाही. दुसरा गाईड मला घेत नाही, सगळे एकमेकांना सांभाळून. प्रबंध ट्रंकेत पडून आहे. राग येतो, रोज येतो. तरी मी रोज प्रयोगशाळेत जाते, माझ्या जागेवर बसते. पाहुणा आला की सर बोलायच्या आत उठून सांगते, हा सूक्ष्मजीव मी शोधलाय, आमच्या हाडकीत शोधलाय. मी आपणहून जाणार नाही. मला बाहेर घालवायचं तर त्यांना माझा हात धरावा लागेल.