भरतीच्या वेळांची साइट

बाबा गेले तेव्हा मला काही वाटलं नाही. हे लिहायला बरं दिसत नाही, पण खरं आहे. दहाव्याला मी घाटावर उभी होते आणि मनात यार्डातल्या कंटेनरचे कागद लावत होते, शनिवारी कुठले सुटायचे आणि कुठले अडकलेत ते. न्हावा शेव्याच्या एका यार्डात मी कागदपत्रांचं काम करते. नातेवाईक म्हणाले, पोर धीराची आहे. मी त्यांना चहा दिला.

त्रास दिला तो बाबांच्या फोनने. बटणांचा जुना फोन, फ्रिजवर ठेवलेला. बाबा मूळचे मोरा बंदराचे, आयुष्य मासेमारीत गेलं, आणि गुडघे गेल्यावर माझ्याकडे पनवेलला राहायला आले. तिसऱ्या मजल्यावरून खाडी काही दिसत नाही, पण रोज सकाळी लोक त्यांनाच फोन करून भरती कधी, ओहोटी कधी ते विचारत. कालवं काढणाऱ्या बायका, रविवारी गळ घेऊन बसणारे हौशी, लाँचने मुंबईला निघालेली भावकी. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ उघडा पडतो आणि लाँच लागत नाही, म्हणून वेळ विचारूनच निघायचं.

बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघत आणि तिची पाऊणपट करत. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणून साडेसातला भरती, आणि सहा तासांनी दीड वाजता ओहोटी. मग म्हणत, "मोऱ्याला गाळ चढलाय, अर्धा तास मागंपुढं धर." एवढं सांगायला त्यांना अर्धं मिनिट पुरायचं, पण फोन दहा मिनिटं चालायचा. मी आतून ओरडायची, "बाबा, चहा गार झाला!"

ते गेल्यावर फोन थांबतील असं मला वाटलं होतं. कसले थांबतात! तेराव्यानंतर चौथ्या दिवशी सुरू झाले. सगळे तेराव्याला जेवून गेलेले लोक. "बाबा नाहीत ते माहीत आहे गं, पण आज पाणी कधी?" मी ऑफिसला निघायच्या घाईत, एका हाताने डबा भरत पाऊणपट करायची. आठवड्याभरात माझं डोकं उठलं. फोन थांबायला हवेत, एवढी एकच गोष्ट मला नक्की हवी होती.

म्हणून साइट करायची ठरवली. ऑफिसातल्या मैत्रिणीने आपल्या केकच्या क्लासची साइट स्वतः केली होती, ती जेवणाच्या सुट्टीत मला शिकवायला बसली. तिचं म्हणणं, तयार साचे मिळतात ते घे. चौकोन ओढायचे, फोटो टाकायचे, तासात साइट उभी. मी करून पाहिलं. प्रत्येक साच्यात वर एक हसरी बाई कॉफी पीत होती. फुकटात घेतलं तर खाली त्या कंपनीची जाहिरात, आणि नको असेल तर दर वर्षी पैसे भरा. भरायचे विसरले तर? साइट बंद.

मग तिने दुसरा मार्ग सांगितला. इंटरनेटवर जागा भाड्याने घ्यायची, त्यावर वर्डप्रेस नावाचं साइट चालवायचं सॉफ्टवेअर बसवायचं. ते चांगलं असतं म्हणे, पण सारखं अपडेट करावं लागतं, नाहीतर कोणीतरी आत घुसतं. म्हणजे घरात पुन्हा एक दुखणाईत माणूस. बाबांच्या गोळ्यांच्या वेळा मी चार वर्षं सांभाळल्या होत्या. आता मला कशाच्याच वेळा सांभाळायच्या नव्हत्या.

"तुला नक्की काय हवंय?" ती वैतागून म्हणाली.

"मी काही न करता जी सगळ्यात जास्त दिवस चालेल ती."

तिने आपल्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तर मग एकच साधं पान हाताने लिही आणि फुकट जागेवर ठेवून दे. त्यात बिघडायला काही नसतंच."

तसंच केलं. तीन रविवार कॅलेंडर मांडीवर घेऊन वर्षभराच्या तिथी टाइप केल्या. कधी एक तिथी गायब, कधी एकच दोनदा, पंचांगवाल्यांना शिव्या घातल्या. भरतीच्या वेळांचे तयार तक्ते इंटरनेटवर मिळतात, मैत्रिणीने दाखवलेसुद्धा. मी घेतले नाहीत. का, ते तेव्हा मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मोऱ्याच्या ओळीत गाळाचा अर्धा तास धरला. पांढरं पान, काळी अक्षरं. फुकट मिळालेला पत्ता मारुतीच्या शेपटासारखा लांब.

"खाली संपर्क टाक," मैत्रीण म्हणाली. "नंबर नसेल तर साइट अर्धवट वाटते."

"अगं, फोन येऊ नयेत म्हणूनच तर केली!"

बाबांच्या फोनमधल्या सगळ्यांना माझ्या मोबाइलवरून लिंक पाठवली. कोणी अंगठा दाखवला, कोणी हात जोडले. दुसऱ्या दिवशी तीन फोन आले, तिसऱ्या दिवशी एक, आणि आठवड्याने एकही नाही. रविवारी बाबांच्या नंबरचं रिचार्ज संपणार होतं. ते करायचं नाही आणि नंबर जाऊ द्यायचा, हेही ठरलं. सकाळी घर इतकं शांत की फ्रिजची घरघर ऐकू यायची. मला बरं वाटेल असा माझा अंदाज होता. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. मी डबा भरत होते.

शनिवारी सकाळी तो फोन वाजला. मोऱ्याहून आत्या, बाबांची थोरली बहीण.

"पानी कवा हाय गो?"

"आत्या, लिंक पाठवलीय ना तुझ्या सुनेच्या मोबाइलवर! त्यात सगळं आहे."

"बघितला तो. बरोबर हाय. गाळाचा अर्धा तास बी धरलास."

"मग फोन कशाला केलास?"

आत्या हसली.

"मना पानी कळत नाय व्हय? साठ वर्सां झाली या पान्यात. तुज्या बापाला ती पाऊणपट मीच शिकवली, नाकातून शेंबूड गळत होता तवा त्याचा."

"मग रोज त्यांना का विचारायचीस?"

"म्हातारा झालेला गो तो. सकाळी फोन उचलला का समजायचं, हाय आपला भाऊ. आमी सगलीच तसं करीत होतो. आता तू एकटी हायस तिथं. दोन दिस सून म्हनते, फोन कशाला, त्यात दिसतंय की. पान्याचं दिसतंय, तू कुठं दिसतेस त्यात?"

मी ओट्यावरचा पोळीचा डबा उचलला.

"सांग बगू," आत्या म्हणाली, "आज तीथ कंची?"

मी कॅलेंडरासमोर जाऊन उभी राहिले. दशमी होती. साडेसात म्हणायला तोंड उघडलं आणि रडू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, चांगलं मोठ्याने, हातात पोळीचा डबा धरून. आत्याने गप्प हो म्हटलं नाही आणि फोनही ठेवला नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "साडेसात. जेवून घे आता."

त्या दिवशी मी यार्डात उशिरा पोचले. जाताना नाक्यावर बाबांच्या नंबरचं वर्षभराचं रिचार्ज मारलं. दुपारी मैत्रिणीच्या शेजारी बसून ते पान पुन्हा उघडलं आणि तक्त्याखाली त्यांचा नंबर टाकला. पुढे लिहिलं, वेळा बरोबर आहेत, तरी फोन करा.