खडूचा बाण

फोन आला तेव्हा माझ्या हातात खडू होता. वाळूजच्या एका कारखान्यात नवा जनरेटर जागेवर ठेवून झाला होता, जोडणी बाकी होती आणि मी मोटरींवर बाण काढत फिरत होते. "चाचा गेले गं," पलीकडून चाची म्हणाल्या. मी निघतेच म्हटलं, तर म्हणाल्या, "काम अर्धं टाकून येऊ नको. त्यांना चाललं नसतं..." हमीदचाचा म्हणजे माझे उस्ताद. जनरेटर बसवण्याचं जे काही मला येतं ते त्यांचं. मी उरलेले बाण काढले, जोडणी केली, जनरेटर चालू करून एकेक बाण ताडून पाहिला आणि मग जिन्याखाली बसून मनसोक्त रडले.

या बाणांचं आधी सांगायला हवं. लोकांना वाटतं, मशीन ठेवलं, तारा जोडल्या, दिवे लागले, की वाटा पेढे. चाचांचा हिशेब वेगळा होता. जोडणीला हात लावण्याआधी ते प्रत्येक मोटरपाशी जात, रोजच्या विजेवर ती कुठल्या बाजूला फिरते ते बघत आणि तिच्या अंगावर खडूनं तसा बाण काढत. मग जनरेटरवर चालवून बाण ताडायचा. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाली, तर दिव्याला काहीच कळत नाही, मोटर मात्र उलटी फिरते. "दिवा काय, कसाबी लागतो. मोटरला इचार," ते म्हणत.

मी सोयगावची. डिप्लोमा झाल्यावर वडिलांनी एक वर्ष दिलं होतं. तेवढ्यात शहरात पाय रोवला तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं घरी यायचं आणि स्थळं बघायची. सगळीकडे मला ऑफिसातली खुर्ची दाखवत होते. चाचांनी एवढंच विचारलं, "पाना धरता येतो का?" मी म्हटलं, "नाही, पण शिकेन." "मग ये उद्यापासून. येत नसून येतो म्हननारे लई हायेत माझ्याकडं."

अकराव्या महिन्यात आम्ही कन्नडजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात होतो. जोडणी माझ्या हातची. जनरेटर धडधडला, दिवे लागले, नारळ फुटला आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या मीच. बाण मी काढले होते, त्यांच्याकडे बघायचंच राहिलं. थोड्या वेळात ओरड झाली. पंप फिरतोय, पण पाणी चढेना, गार करणारं यंत्र तापलं आणि टाकीतलं दूध कोमट व्हायला लागलं. गावोगावच्या लोकांचं दूध होतं ते. व्यवस्थापक कडाडले, "तरी म्हणलं, पोरीला कशापायी आणलं!" चाचा शांतपणे पुढं झाले. "तारा मी जोडल्या, साहेब. चूक माझी हाये." खरं तर मी त्यांचे पाय धरायला हवे होते. पण माझं डोकं पहिल्यापासून गरम! "खोटं बोलतायत! मी जोडल्या!" असं मी केंद्रभर ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडले. एकच चूक दोघं आपापली म्हणून भांडतोय म्हटल्यावर कुणाला झापावं हेच त्या बिचाऱ्याला कळेना. चाचा हसले आणि पाना माझ्या हातात दिला. "बरं, तुझी तर तुझी. काढ तूच. पन पहिलं मशीन बंद कर." मी मशीन बंद केलं. दोन तारा बदलल्या, पंप बाणाच्या बाजूला फिरला, पाणी चढलं. दूध वाचलं.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "चाचा, मी सोयगावला जाते." ते म्हणाले, "काहून? आता तर तू कामाची झाली. आता तू जन्मात बाण इसरनार नाय." वर्ष भरलं तेव्हा ते स्वतः एसटीनं सोयगावला गेले आणि वडिलांना आधी माझी चूक सांगितली, काम नंतर. चूक लपवत नाही त्या माणसाकडे मुलगी ठेवायला हरकत नाही, असं वडील आईला म्हणाल्याचं मला पुढे कळलं. त्यानंतर त्या वर्षाचा विषय घरात निघाला नाही.

आता चाचा गेल्यावर त्यांच्या जनरेटरच्या दुकानाचं काय, हा प्रश्न होता. चाचांच्या मुली लांब सासरी. चाचींनी किल्ली पुढं केली, "तूच चालव." मला हो म्हणवेना. लोक यायचे ते चाचांच्या शब्दावर... माझ्या शब्दावर कोण येणार? भीती वाटत होती, सरळ सांगते. किल्ली तिथंच ठेवून मी घरी आले.

मागच्या आठवड्यात कन्नडच्या त्याच केंद्रातून जनरेटर तपासायला बोलावणं आलं. व्यवस्थापक आता बदललेले, पण ऑपरेटर जुनेच, शिंदेमामा. पंपाला नवा हिरवा रंग दिलेला आणि त्यावर पांढरा, जरासा वाकडा बाण. खडूचा नव्हे, ऑइलपेंटचा. मी वाकून पाहिलं. वाकडेपणा माझाच होता.

"हा कुणी रंगवला, मामा?"

"मीच गिरवतो, रंग दिला की दर टायमाला. चाचा सांगून गेलते, 'समदं रंगव, पन ह्यो बाण मिटवू नको. माझ्या पोरीचा हाय. मी नसलो की तिलाच बोलवायचं.' म्हणून तर फोन केला तुला."

मी ओढणीनं डोळे पुसले, रोजची वीज बंद केली आणि जनरेटर चालू केला. दिवे लागले. मी दिव्यांकडे बघितलं नाही. पंप बाणाच्या बाजूनं फिरत होता. येताना चाचींकडून दुकानाची किल्ली घेतली.